पक्षाघात आणि अनावर हास्य

हसणे हे निरोगी मनाचे लक्षण मानले जाते. मुंबईत १९९५ साली सुरू झालेली हास्यक्लबांची चळवळ याच समजुतीवर उभी राहिली आणि पुढे जगभर पोहोचली. पक्षाघाताच्या काही रुग्णांच्या बाबतीत मात्र हसू हेच आजाराचे लक्षण ठरते.

भेटीस आलेले आप्त कुणाच्या निधनाची वार्ता सांगत असताना अशा रुग्णाला एकाएकी हसू फुटते. ते आवरण्याची त्याची धडपड दिसत असते. पण हसू आवरत नाही. पाहुणे अवघडतात, घरचे ओशाळतात. ‘डोक्यावर परिणाम झाला’ किंवा ‘मुद्दाम करतो’ असा निष्कर्ष काढला जातो. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

मेंदूविकारशास्त्रात या अवस्थेस ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’ म्हणतात. यात हसण्याचा किंवा रडण्याचा उमाळा क्षुल्लक कारणाने अथवा विनाकारण येतो, काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो आणि ओसरतो. पक्षाघातानंतर हसण्यापेक्षा अनावर रडणे अधिक आढळते. काहींच्या बाबतीत हसण्याचे पर्यवसान रडण्यात होते. मोटर न्यूरॉन डिसीज, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा मेंदूला झालेली इजा यांतही हे लक्षण दिसते.

असे का होते?

हसताना चेहरा, कंठ आणि श्वसन यांचे स्नायू एका तालात काम करतात. हा ताल मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममध्ये जुळतो आणि त्यावर वरच्या मेंदूचा अंकुश असतो, असे ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९२४ मध्ये मांडले. अंकुशाचे हे मार्ग तुटले की हसू स्वैर होते. जोसेफ परवीझी, अँटोनिओ दमासिओ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लहान मेंदूकडे लक्ष वेधले. प्रसंग पाहून हसण्या-रडण्याचे प्रमाण ठरवण्याचे काम लहान मेंदू करतो. त्याच्याकडे जाणारे मार्ग खंडित झाले की हे प्रमाण बिघडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. थोडक्यात, चेहऱ्यावर उमटते ते मनात असतेच असे नाही.

उपचार आहेत

नैराश्यात उदासी दिवसेंदिवस टिकते. येथे उमाळा ओसरताच मन पूर्ववत होते. हा फरक तज्ज्ञ तपासतात, कारण दोन्ही विकार एकाच रुग्णात असू शकतात. नैराश्यावरील सिटॅलोप्रॅमसारख्या औषधांनी अनेकांचे हे झटके कमी होतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन यांच्या मिश्रणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या विकारासाठी मान्यता दिली. क्विनिडिनमुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकत असल्याने डॉक्टरांच्या देखरेखीविना ही औषधे घेऊ नयेत.

औषधांइतकीच घरच्यांची समजूत महत्त्वाची ठरते. झटका आला असता रागावू नये वा सोबत हसू नये. विषय बदलणे, संथ दीर्घ श्वास घेण्यास सांगणे, बसण्याची ढब बदलणे यांचा उपयोग होतो. येणाऱ्या पाहुण्यांना आधीच कल्पना दिल्यास रुग्णाचा संकोच कमी होतो. अन्यथा तो माणसांत मिसळणेच टाळू लागतो.

हसू, धोक्याची सूचना

क्वचित प्रसंगी हे हसू पक्षाघाताच्या आधीच येते. फ्रेंच वैद्य शार्ल फेरे यांनी १९०३ मध्ये अशा पूर्वसूचक हास्याचे वर्णन केले. त्यामुळे धडधाकट व्यक्तीला अकारण हसू येऊन थांबेनासे झाले आणि त्यासोबत किंवा पाठोपाठ तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर विलंब करू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षणे कधी सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.