शब्दवेध : अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. पण व्याकरण हा शब्द ‘अत्’, म्हणजे सतत चालत राहणे, या धातूकडे नेते. अतिथी मुळात वाटसरू. नव्या करारातला ग्रीक ‘फिलोक्सेनिया’ही तिथेच पोचतो : ‘क्सेनोस’ म्हणजे परका आणि पाहुणाही, त्याच्यावरचे प्रेम ते आतिथ्य. म्हणून ख्रिस्ती घराची आवराआवर दिवाणखान्याच्या देखणेपणावर मोजू नये. जादा अंथरूण हाताशी आहे का, एक खुर्ची कपड्यांच्या ढिगातून मोकळी आहे का, हे पाहावे.

कुणी म्हणेल, १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन वसाहत म्हणून वसलेल्या बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये आज फाटकावरून फोन आल्याशिवाय कुणी वर येत नाही, वाटसरू कुठला? पण नोकरीसाठी नुकताच आलेला, कन्नड न कळणारा शेजारी परकाच असतो. दुसरा आक्षेप शुभवर्तमानातल्या मार्थेचा : ती कामात गुंतली आणि येशूजवळ बसायचे राहिले. माझ्या मते तिथे तिच्या कामाला दोष नाही, विखुरलेल्या मनाला आहे. आणि पाहुणा येण्याआधीच घर लावून ठेवण्याचे खरे कारण हेच : तो आल्यावर मन विखुरू नये. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात दुष्काळातून आलेल्या शेकडो अनोळखी मुलींना जागा मिळाली, कारण तिथे विहिरी, धान्य आणि कामाची वाटणी यांची व्यवस्था होती.