इब्न अन-नफीस, फॉन्टान आणि निळं बाळ

आमच्या अहमदनगरच्या निजामशाहीचा विषय निघाला की किल्ला, चाँदबीबी आणि मलिक अंबर आठवतात. पहिल्या बुरहान निजामशहाच्या आश्रयाला असलेला हकीम रुस्तम जुर्जानी मात्र कुणाला आठवत नाही. 'जखीरा-ए-निजामशाही' हा औषधद्रव्यांवरचा त्याचा फारसी ग्रंथ. आपण वैद्यकाचा वारसा अभिमानानं सांगतो, पण वाचत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण हृदयाचंच आहे.

गॅलेन म्हणे, हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. तेराव्या शतकात इब्न अन-नफीसनं हे खोडून काढलं. पडद्यात छिद्रं नाहीत, उजव्या जवनिकेतलं रक्त फुप्फुसांत जाऊन मगच डावीकडे येतं, असं त्यानं इब्न सिनाच्या 'कानून'वरील भाष्यात लिहिलं. पण हा शोध पुढं विस्मरणात गेला. 1924 मध्ये मुह्युद्दीन तातावी या इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनमध्ये ते हस्तलिखित सापडलं, तेव्हा जगाला तो नव्यानं कळला.

काही बाळं कामाची एकच जवनिका घेऊन जन्मतात. शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं. फुप्फुसांकडे रक्त कमी गेलं तर ओठ-नखं निळसर दिसतात. जास्त गेलं तर बाळ निळं दिसतही नाही, पण दूध पिताना धापा टाकतं, घामेजतं, वजन वाढत नाही.

1944 मध्ये बाल्टिमोरला ब्लेलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या बाळांच्या फुप्फुसांकडे रक्त वळवण्याची वाट काढली. 1958 मध्ये ग्लेन यांनी शरीराच्या वरच्या भागातली मोठी शीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडली. 1968 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथं फ्रान्सिस फॉन्टान यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं: अशुद्ध रक्त पंपाशिवाय फुप्फुसांत जाऊ द्यायचं आणि असलेली एकच जवनिका शरीरासाठी राखायची. आज हे टप्प्याटप्प्यानं होतं. गरज असल्यास जन्मानंतर लगेच पहिलं ऑपरेशन, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास ग्लेन, दोन ते चार वर्षांदरम्यान फॉन्टान.

पूर्वी यातली बरीच मुलं बाळपणीच दगावत. आज चांगल्या केंद्रांत फॉन्टान झालेली बहुसंख्य मुलं तारुण्यात पोहोचतात. अर्थात हृदय पूर्ववत होत नाही. ठोक्यांची अनियमितता आणि यकृतावरचा ताण यांमुळे तपासण्या आयुष्यभर चालू राहतात.

खरा प्रश्न वेळेचा आहे. पंप नसल्यानं फुप्फुसांतला दाब कमी असेल तरच फॉन्टान चालतं. काही मुलांत उशिरामुळे हा दाब कायमचा वाढतो आणि दार बंद होतं. आपल्या मोहल्ल्यांत 'नजर लागली' म्हणून तावीज, दम यांत जाणारे महिने नेमके हेच असतात. दुआ जरूर करा, पण बाळाला डॉक्टरकडे नेताना करा.

बोटाला लावायचं ऑक्सिजनमापक यंत्र आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, यांतून बरंच कळतं. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पथक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही, जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. ऑपरेशनसाठी अनेकांना पुणे-मुंबई गाठावी लागते, म्हणून सुरुवात लवकर हवी.

इब्न अन-नफीसचं ज्ञान शतकानुशतकं कपाटात पडून होतं. निळ्या बाळाच्या हातात तेवढा वेळ नसतो.