मेंदू व मेरुरज्जू यांच्या इजा : विधिसाहाय्याचा इतिहास

डोक्यास किंवा पाठीच्या कण्यास जबर मार बसल्याने कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्तीस नुकसानभरपाई, निर्वाहाचे साधन व तिच्या मालमत्तेचे रक्षण मिळवून देण्यासाठी कायद्याने केलेल्या तरतुदी आणि त्यांचा लाभ घेता यावा म्हणून दिली जाणारी मदत यांचा समावेश या विषयात होतो. मेरुरज्जू म्हणजे कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर. त्यास इजा झाल्यास तिच्या खालील शरीरभाग लुळा पडतो, संवेदना नष्ट होते व मलमूत्रविसर्जनावरील ताबा जातो. मेंदूच्या इजेत हातपाय शाबूत असूनही स्मृती, वाचा व निर्णयशक्ती यांची हानी होऊ शकते. दोन्ही प्रकारांत मनुष्य वाचतो, पण त्यास आयुष्यभर दुसऱ्याच्या शुश्रूषेची गरज भासते. कायद्यास ही गोष्ट उमगण्यास बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकातील कायद्याचे लक्ष प्रामुख्याने मृत्यूकडे होते. प्राणांतिक अपघात अधिनियम, १८५५ अन्वये मृताच्या निकटच्या नातलगांना भरपाई मागता येई. जगलेल्या जखमीस मात्र दिवाणी दावा लावून दुसऱ्याची हयगय सिद्ध करावी लागे. न्यायालयीन शुल्क भरण्याची ऐपत नसणाऱ्यास नादार म्हणून दावा दाखल करण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८) होती, पण वकिलाचा व साक्षीपुराव्याचा खर्च त्याच्याच माथी राही. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ ने कामावरील अपघातात मालकाची हयगय सिद्ध करण्याची अट काढून टाकली. तथापि त्याच्या अनुसूचीत भरपाईचे मोजमाप प्रामुख्याने गमावलेल्या अवयवावरून ठरविलेले होते. तुटलेला हात मोजता येई, पण जागेवर असूनही निकामी झालेले पाय व हरपलेली स्मृती या मापात सहज बसत नसत.

यास वैद्यकीय कारणही होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मेरुरज्जूची गंभीर इजा झालेले बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे लवकरच दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुटव्हिख गुटमान यांनी १९४४ पासून या रुग्णांवर पद्धतशीर उपचार सुरू केले आणि ते दीर्घकाळ जगू शकतात, हे दाखवून दिले. महाराष्ट्रात मुंबईच्या हाजी अली भागातील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (१९५५) आणि जखमी सैनिकांसाठीचे खडकी येथील केंद्र (१९७४) यांनी या कार्यास चालना दिली. रुग्ण जगू लागला, तेव्हा त्याच्या पुढील आयुष्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न न्यायालयांपुढे ठळकपणे आला.

मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ च्या दुरुस्तीने दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व आणले. त्यानुसार हयगय सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये मिळू लागले. जन्मभर अंथरुणास खिळलेल्याची भरपाई मृताच्या निम्मी धरली गेली, ही बाब लक्षणीय आहे. १९९४ मध्ये या रकमा अनुक्रमे ५०,००० व २५,००० झाल्या, तेव्हाही हेच प्रमाण राहिले. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जदारास आपल्या निवासस्थानाच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. त्यामुळे कर्नाटकात जखमी झालेल्या कोल्हापूरच्या रहिवाशास कोल्हापुरातच दावा लावता येतो. त्याच वेळी सहा महिन्यांची मुदतही रद्द झाली होती, परंतु २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली व १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. जखमी अद्याप रुग्णालयात असताना ही मुदत टळण्याचा धोका असतो.

भरपाईचे माप न्यायालयीन निर्णयांनी व्यापक केले. अधरांगघात झालेल्या एका वकिलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आर्थिक हानीबरोबर वेदना, जीवनातील सुखांचा लोप व घटलेले आयुर्मान यांचाही स्वतंत्र विचार केला. अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि अर्जनक्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी होत, असे त्याने २०१० मध्ये स्पष्ट केले. मेंदूस इजा झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात (२०२०) तर परिचारकाचा खर्चही वार्षिक रकमेस गुणक लावून आयुष्यभरासाठी मोजण्यात आला.

हक्क प्रत्यक्षात मिळवून देण्याचे प्रयत्न समांतर चालू होते. मुंबई राज्यात १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधिसाहाय्य समिती नेमण्यात आली. संविधानात १९७६ मध्ये अनुच्छेद ३९ क समाविष्ट झाला. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अपंग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे स्वरूप विशेष ठळकपणे दिसते. पुणे–बंगळूर महामार्ग, उसाची वाहतूक, इचलकरंजीचे यंत्रमाग व ओतकामाचे कारखाने येथे अपघातांची जोखीम मोठी आहे. येथेच नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः तरुणपणीच अधरांगघाताने चाकाच्या खुर्चीस जखडल्या होत्या. शिक्षण, वसतिगृह व रोजगार यांची सोय करून या संस्थेने पुनर्वसनाचा पाया घातला. न्यायाचा मार्ग मात्र दूरचाच राहिला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाल्यावर उच्च न्यायालयातील अपिलासाठी सुमारे ३८० किमी. दूर मुंबईस जावे लागे. चाकाच्या खुर्चीतील पक्षकारास हे अंतर जवळजवळ अनुल्लंघ्य होते. वकिलांच्या व नागरिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले.

काही उणिवा अद्याप कायम आहेत. इजा एकच असली, तरी साहाय्य तिच्या कारणावरून ठरते. वाहनाने जखमी झालेला विमा कंपनीकडून भरपाई मागू शकतो, तर नारळाच्या झाडावरून पडून त्याच अवस्थेस पोहोचलेल्या शेतकऱ्यास शासकीय सानुग्रह अनुदानावर अवलंबून राहावे लागते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या एकवीस प्रकारांत मेंदूची अपघाती इजा स्वतंत्रपणे नमूद नाही. शुद्ध हरपलेल्या प्रौढाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सुटसुटीत वैधानिक रीत नसल्याने पत्नीसही पतीचे बँकखाते वापरण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका प्रकरणात पत्नीस पालक म्हणून मान्यता दिली. या संदर्भात जवळच्या न्यायालयाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. जी व्यक्ती स्वतः चालू किंवा बोलू शकत नाही, तिच्या बाबतीत न्यायालय गाठता येणे हाच हक्काचा पहिला भाग ठरतो.