आडनावात उरलेली फौज

शिकलगार, नालबंद, बारगीर, गोलंदाज. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतून फिरताना ही आडनावे हमखास भेटतात. शिकलगार म्हणजे तलवारीला धार आणि झिलई देणारा. नालबंद घोड्याला नाल ठोकणारा. बारगीर सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार, तर गोलंदाज तोफेवरचा. ही आडनावे फौजेच्या चाकरीतून आली. त्या चाकरीचा मोठा आधार होती ती पेशवाईची फौज १८१८ साली मोडली.

मराठ्यांची फौज म्हणजे नुसते लढणारे नव्हेत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. त्यामुळे त्याला मिळालेला पैसा गावोगाव पाझरत असे. चंदी-वैरण शेतकऱ्याकडून, खोगीर जिनगराकडून, नाल नालबंदाकडून, पाणी भिस्त्याकडून. भीमा-नीरेच्या खोऱ्यात घोडे पैदा करणारेही याच पैशावर जगत.

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लाखांची पेन्शन मिळाली, पण ती खर्च होऊ लागली दूर ब्रह्मावर्तात. एल्फिन्स्टनने मोठ्या सरदारांच्या जहागिऱ्या बऱ्याच अंशी चालू ठेवल्या, कारण त्यांच्या नाराजीची धास्ती होती. काही स्वार कंपनीच्या रिसाल्यात गेले. मालेगावच्या किल्ल्यात अडून बसलेल्या अरब शिपायांनी जून १८१८ मध्ये शस्त्रे खाली ठेवली. शिकलगार-नालबंदांच्या नावावर मात्र जहागीर नव्हती, आणि त्यांची धास्तीही कुणाला नव्हती.

फौज गेली हे सगळेच वाईट झाले, असे म्हणता येणार नाही. १८०२-०३ सालची लूट आणि त्यापाठोपाठचा दुष्काळ सोसलेल्या रयतेला शांतता हवीच होती. पण त्या शांततेची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. तलवार ठेवून माणसे नांगराकडे वळली. धान्य वाढले, आणि ते विकत घेणारी फौज उरली नव्हती. १८२० नंतरच्या दशकात दख्खनेत धान्याचे भाव कोसळले. सारा मात्र रोख भरावा लागे.

लष्करावरचा खर्च तसा थांबला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली. पुण्याच्या पेठांबाहेर कंपनीची छावणी वसली. त्या भागाला पुणेकर आजही ‘लष्कर’ म्हणतात. तिथे खाटीक, पाववाले, शिंपी यांना काम मिळाले. त्यांत आपलेही लोक होते. पण बंदुका विलायतेहून येत. घोडेही पुढे समुद्रापलीकडून येऊ लागले, आधी अरबस्तानातून, मग ऑस्ट्रेलियातून. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर हत्यार बाळगायलाच परवाना लागू लागला. शिकलगाराची उरलीसुरली गिऱ्हाइकेही त्यात गेली.

हे दुःख एकट्या मुसलमानांचे नव्हते. पुरंदरच्या रामोश्यांची गडराखणीची चाकरी गेली आणि त्यांच्यातून उमाजी नाईक उभा राहिला. कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, तेव्हा १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडावर बंड पेटले. रामोश्यांपाशी डोंगर होते, गडकऱ्यांपाशी गड होते. शिकलगारापाशी फक्त सहाण होती. ती घेऊन तो गल्लोगल्ली विळ्या-कात्र्यांना धार लावत फिरू लागला.

हे आज सांगायचे कारण आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि मुस्लिम समाज मागे का राहिला याची चर्चा झाली. त्या चर्चेत एक उत्तर हटकून ऐकू येते: हे एकेकाळचे राज्यकर्ते, सत्ता गेली आणि मागे पडले. आपल्यातले काही सरदार-जहागीरदारांच्या घराण्यांतले असतील. पण मराठी मुलखातला बहुतेक मुसलमान राज्यकर्ता कधीच नव्हता. तो मराठ्यांच्या फौजेत चाकरी करणारा, नाही तर तिला माल पुरवणारा कष्टकरी होता. त्याचे राज्य गेले नाही, त्याचे गिऱ्हाईक गेले. आणि ते जिनगर, लोहार, रामोशी यांच्याबरोबरच गेले. आपल्या मागासलेपणाचा इतिहास बादशहांच्या वंशावळीत शोधत बसण्यापेक्षा आपल्याच आडनावांत शोधला, तर तो अधिक खरा सापडेल. त्यात शेजाऱ्यांचाही इतिहास सापडेल.