माउंट मेरिलिन

चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूवरचा एक त्रिकोणी पर्वत. शांततेचा समुद्र आणि सुफलतेचा समुद्र अशी नावे असलेल्या दोन काळपट मैदानांच्या मध्ये, सेक्की विवराच्या नैर्ऋत्येस, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला तो आहे.

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि विल्यम अँडर्स यांनी चंद्राला दहा प्रदक्षिणा घातल्या. यान चंद्रावर उतरणार नव्हते. पुढच्या मोहिमांसाठी जागा आणि खुणा हेरणे हे त्यांचे एक काम होते. मार्गनिर्देशन लव्हेल यांच्याकडे होते. वरून चटकन ओळखू येणाऱ्या या पर्वताला त्यांनी आपली पत्नी मेरिलिन हिचे नाव दिले. शाळेपासूनची ही ओळख, १९५२ मध्ये झालेले लग्न. त्या नाताळात मेरिलिन घरी मुलांसह यानाच्या बातमीकडे कान लावून बसल्या होत्या. लव्हेल यांनी निघण्यापूर्वीच व्यवस्था करून ठेवलेला मिंकचा कोट त्याच दिवशी दारात आला. सोबतच्या चिठ्ठीत भेट देणाऱ्याच्या जागी लिहिले होते : चंद्रावरचा माणूस.

नाव प्रेमापोटी दिलेले असले तरी ते टिकले कामामुळे. मे १९६९ मध्ये अपोलो १० ने ही खूण वापरली. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्या ‘ईगल’ने उतरण्यासाठी इंजिन सुरू केले ते याच पर्वताच्या आसपास; तेथून उतरण्याची जागा सुमारे ५०० किलोमीटर पश्चिमेला होती. अंतराळवीरांच्या बोलण्यात नाव रुळले, मात्र अधिकृत यादीत ते कित्येक वर्षे नव्हते. हयात व्यक्तींची नावे द्यायची नाहीत, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा दंडक आहे. तरीही जुलै २०१७ मध्ये संघाने हे नाव मान्य केले. तेव्हा मेरिलिन हयात होत्या. निर्णयाला उशीर झाला, पण तो त्यांना पाहता आला, ही समाधानाची गोष्ट. चंद्रावरच्या पर्वतांना सहसा लॅटिन ‘मोन्स’ लावतात. येथे मात्र बोलण्यातले ‘माउंट’च कायम राहिले.

१९७० मध्ये अपोलो १३ मधून लव्हेल पुन्हा चंद्राजवळ गेले, पण अपघातामुळे न उतरताच परतले. मेरिलिन २०२३ मध्ये वारल्या, जिम २०२५ मध्ये.

शुद्ध पंचमीच्या सुमारास या भागावर सूर्योदय होतो. त्या संध्याकाळी सावल्या लांब पडतात, आणि चांगल्या दुर्बिणीतून हा पर्वत शोधायला तीच वेळ उत्तम.