पाण्यांतील हस्तांतर : ग्रोथुसच्या कल्पनेची कथा

इ. स. १८०० मध्यें व्होल्टानें आपल्या विद्युत्-राशीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं तिच्या प्रवाहानें पाण्याचें पृथक्करण केलें. एका तारेपाशीं हायड्रोजन निघे, दुसरीपाशीं ऑक्सिजन. परंतु पाण्याचा कण फुटला, तर त्याचे दोन घटक इतक्या अंतरावर वेगवेगळे कसे प्रकटतात? मधल्या पाण्यांत तर कांहींच हालचाल दिसत नसे.

या कोड्याचें उत्तर एका वीस वर्षांच्या तरुणानें सुचविलें. थिओडोर फॉन ग्रोथुस १७८५ मध्यें लाइप्झिग येथें जन्मला. तो कोठेंही प्राध्यापक नव्हता. १८०५ मध्यें रोम येथें त्यानें आपला निबंध छापला.

श्रोत्यांनीं एक पंगत डोळ्यांपुढें आणावी. प्रत्येक जण आपली वाटी उजवीकडच्यास देतो व डावीकडच्याची घेतो. जागेवरून कोणी उठत नाहीं. तरी एका टोकास नवी वाटी येतांच दुसऱ्या टोकाची बाहेर पडते. पाण्याचे कण असेच परस्परांत घटकांची देवघेव करतात, असें ग्रोथुसचें म्हणणें होतें.

त्याचें सारेंच बरोबर होतें असें नाहीं. पाण्याच्या कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात, हें त्या काळीं ठाऊक नव्हतें. प्रोटॉन हें नांव तर १९२० मध्यें रूढ झालें. दीर्घ आजारानें गांजलेल्या ग्रोथुसनें १८२२ मध्यें, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, स्वतःच आपलें जीवन संपविलें.

पुढें मोजमापांत असें आढळलें कीं, पाण्यांत हायड्रोजनचा आयन सोडियमच्या आयनाहून सुमारें सातपट वेगानें सरकतो. सोडियमला पाणी बाजूस सारीत स्वतः जावें लागतें. प्रोटॉनचा भार मात्र एका कणाकडून दुसऱ्याकडे सोंपविला जातो. १९३३ मध्यें बर्नाल व फाउलर यांनीं पाण्याच्या रचनेवरून हा विचार नव्यानें मांडला. तथापि देवघेवीपूर्वीं शेजारच्या कणांना आपले बंध तोडून जुळवून घ्यावें लागतें, आणि गति त्यावरच ठरते, असें पुढील संशोधनानें दाखविलें.

हा प्रश्न केवळ ग्रंथांत राहिला नाहीं. १९६५ मध्यें जेमिनी-५ या अमेरिकन अंतराळयानास वीज पुरविणाऱ्या इंधनघटांत बहुवारिक द्रव्याचा पातळ पडदा होता. अशा पडद्याच्या सांखळ्यांना अम्लगट जखडलेले असतात. पडदा पाणी शोषतो, तेव्हां त्यांतील सूक्ष्म वाटांतून प्रोटॉन पलीकडे जातात. तो वाळला कीं त्यांची वाट खुंटते. म्हणूनच पाणी उकळूं लागेल अशा उष्णतेंत हे घट चालविणें अवघड होतें, आणि थोड्या पाण्यावर भागवील अशा पडद्याचा शोध अजून चालू आहे.

वाटी पुढें जावयाची, तर पंगतींतील एकही जागा रिकामी असून चालत नाहीं.