पेठ, रस्ता आणि कोंडी

‘वाहतूक’ हा शब्द आज आपण प्रवाहाच्या अर्थाने योजतो. परंतु तो ज्या ‘वाहणे’ या क्रियापदापासून आला, त्याचा येथील अर्थ ओझे वाहून नेणे असा आहे. बाजारात माल उतरविण्यासाठी थांबलेली बैलगाडी मूळ अर्थी वाहतूकच करीत असते. नगरांतील कोंडीचा इतिहास पाहावयाचा तर हा भेद ध्यानी घ्यावा लागतो.

जतचेच उदाहरण घेऊ. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९४९ पासून हा मुलूख दक्षिण सातारा जिल्ह्यात होता व त्या जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. या सीमेवरील मुलखात मराठी ‘पेठ’ व कन्नड ‘पेटे’ हे शब्द शेजारी नांदतात. पेठ म्हणजे माल थांबण्याची जागा. उलट जतवरून जाणारा गुहागर-विजापूर मार्ग पुढे निघून जाण्यासाठी आहे. थांबणे व जाणे ही दोन्ही कामे एकाच रस्त्यावर पडली की दोहोंचाही खोळंबा होतो. गाड्यांची संख्या हे कारण खरे, परंतु दुय्यम होय.

उपायांचा इतिहास मुंबईत अधिक स्पष्ट दिसतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले ते मुख्यतः दाट वस्तीत समुद्राची हवा यावी म्हणून. वाहनांची सोय झाली ती ओघाने. त्यापायी घरे पाडली गेलेली गरीब माणसे शेजारच्या गल्ल्यांत दाटली, हे विसरून चालणार नाही. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली आणि १९६५ साली केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल उभा राहिला. अनेकांना एकत्र नेणारे वाहन गेले व एकेकट्यांच्या मोटारींसाठी पूल आला! हा क्रम मला तरी उलटा वाटतो.

जतसारख्या गावास वळणरस्ता उपकारक ठरेल, पण त्याच्या कडेला नवी पेठ बसू दिली नाही तरच. जुन्या पेठेत माल उतरविण्याच्या वेळा ठरविणे हा उपाय स्वस्त, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. ‘कोंडी’ हे नाम ‘कोंडणे’ या सकर्मक क्रियापदापासून आले आहे. कोंडवाड्यातील जनावर आपण होऊन आत गेलेले नसते.